दोन बादल्या आणि एक कवळी

आमच्या गल्लीत एके काळी अशी कुजबूज होती की, कवळीवाला दर रविवारी सकाळी आपल्या सासूचे दात काढून घेतो आणि तिने त्याची मोटरसायकल धुतल्याशिवाय परत देत नाही.

न्हाव्याच्या दुकानात ही बातमी एवढीच होती. किराणावाल्याकडे पोचेपर्यंत तिला हातपाय फुटले. संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर मी ती पुन्हा ऐकली, तेव्हा तिला शेपूटही आलं होतं : गाडीवर एक जरी डाग राहिला तरी वरचे दात मिळतात, खालचे नाहीत. हे शेपूट कोणी लावलं मला माहीत नाही. माणूस हुशार असणार, एवढं मात्र म्हणेन.

सासू म्हणजे आमच्या इन्चार्जबाई. वय चौऱ्याहत्तर, उंची बेताची, आवाज बेताबाहेरचा. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा इन्चार्ज म्हणून. नोकरी सुटली, पण इन्चार्ज काही सुटला नाही. इस्पितळातले मोठमोठे सर्जन म्हणे त्यांना टरकून असत. एकाने कोटाच्या खिशात शाईचं पेन विसरून कोट धुवायला टाकला, तर बाईंनी तो कोट तसाच निळा परत पाठवला आणि वर चिठ्ठी लावली : ‘पोटात काही विसरत नाही ना, तेवढं बघा.’

नवरा अगदी साधा माणूस. बाईंनी त्याला चाळीस वर्षं धुतला, पिळला आणि वाळत घातला, असं लोक म्हणत. लोक म्हणजे मीच.

बाईंच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती. एका बादलीत धुणारे आणि दोन बादल्यांत धुणारे. “एका बादलीत धुणं म्हणजे काय, तर एकाचा मळ काढायचा आणि दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा,” असं त्या म्हणत. एक बादली साबणाची, दुसरी नुसत्या पाण्याची. फडकं मळलं की आधी दुसरीत खळबळायचं, मगच पहिलीत बुडवायचं. आणि धुऊन झालं की कापड बघायचं नाही, पाणी बघायचं. कापड खोटं बोलतं, पाणी बोलत नाही. नात्यातल्या मुली बघायला गेल्या तरी बाईंची नजर आधी मोरीत जायची.

नवरा गेल्यावर थोरला मुलगा त्यांना आपल्या शहरात घेऊन गेला. चांगला मुलगा, आईवर जीव टाकणारा, पण घर अकराव्या मजल्यावर. तिथे कपडे मशीनमध्येच धुतले जात आणि मशीनमध्येच वाळत. बाईंनी तीन महिने तग धरला. “ज्या घरात वाळत घालायला दोरी नाही, तिथे माणसाने लटकायचं तरी कशाला?” असं म्हणून त्या परतल्या, त्या थेट लेकीकडे. येताना दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे कानाला खडा, की पुन्हा त्या मजल्यावर जाणे नाही. आणि दुसरी म्हणजे तोंडात नवीकोरी कवळी. तिथल्या फार मोठ्या डॉक्टरकडून मुलाने हौसेने करवून दिलेली.

“माझ्या मुलाने केलेत,” असं त्या प्रत्येकाला तोंड उघडून दाखवत. जसे काही त्याने स्वतः बसून कोरले होते.

गंमत अशी की, कोरणारा त्यांच्या घरातच होता. जावई. डॉक्टर माप घेतो, कवळी हा बनवतो. घराच्या मागच्या खोलीत याचं बाक, बाकावर छोटंसं फिरतं यंत्र आणि खिडकीत ओळीने मांडलेले लोकांचे जबडे. लेकीने लग्नाआधी याची ओळख करून दिली, तेव्हा बाईंनी विचारलं होतं, “दातांचा डॉक्टर?”

“डॉक्टर नाही गं आई. डॉक्टर माप देतात, हे बनवतात.”

“म्हणजे दातांचा शिंपी,” बाई म्हणाल्या. ते नाव पंचवीस वर्षं टिकलं. आणि त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, की प्राण गेला तरी या माणसासमोर मी तोंड उघडणार नाही. म्हणजे दातांपुरतं. बाकी तोंड बंद कधी होतं?

जावई हाडाने गरीब. तोंडातल्या तोंडात बोलणार, चपलेचाही आवाज न करता चालणार. असल्या माणसाने आयुष्यात एकच भानगड केली. पन्नाशी उलटल्यावर एक स्पोर्ट्‌स मोटरसायकल घरी आणली. लाल भडक, पुढून टोळासारखी, मागून विंचवासारखी. तिच्यावर बसायचं म्हणजे पोट टाकीवर ठेवायचं, ढुंगण आकाशाला दाखवायचं आणि रस्त्यात काहीतरी हरवल्यासारखं खाली बघत जायचं. त्याची बायको म्हणायची, “हे बसलेत की पडलेत, तेच मला मागून कळत नाही.”

तर ही गाडी तो दर रविवारी मागच्या फरशीवर, नळाशी धूत असे. आमची गॅलरी बरोबर त्या फरशीवर येते. यात माझा काही दोष नाही, घर बांधणाऱ्याचा आहे.

अहो, काय ते धुणं! भर उन्हात, तापलेल्या इंजिनावर पाणी. एकच बादली. कपड्यांचा साबण. आणि फडकं म्हणजे स्वतःचं फाटकं बनियन. आधी चाकाचा चिखल पुसायचा, मग तेच बनियन बादलीत बुचकळून टाकीवर फिरवायचं. दाताच्या मुळाशी केसाएवढी रेघ राहिली तरी भिंग लावून घासत बसणारा हा माणूस, घरी आला की म्हैस धुतल्यासारखी गाडी धुवायचा. परिणाम व्हायचा तो झाला. सहा महिन्यांत टाकीवर बारीक बारीक ओरखडे, उन्हात पाहिलं की कोळ्याने जाळं विणल्यासारखं. हा म्हणे, रंगच हलका आहे.

इन्चार्जबाई वरच्या खिडकीतून हे सगळं बघत. पडदा सरके, पुन्हा लागे, पुन्हा सरके. इथे राहायला आल्यापासून जावयाशी थेट बोलायचं नाही हा दुसरा पण, आणि समोर एका बादलीचं धुणं. बाईंच्या जिवाची काय तगमग होत असेल, विचार करा.

शेवटी एका रविवारी त्याने कहर केला. ते जाळं घालवायचं म्हणून तो आपल्या बाकावरची दगडाची पूड घेऊन आला. कवळी चकाकवताना आधी ही पूड ओली करून घासतात, मग वरून चकाकीचा लेप लावतात. याने हिशेब केला, जे दाताला चालतं ते टाकीला का नाही चालणार? ब्रश घेतला आणि मोठ्या प्रेमाने गोल गोल फिरवला. पाच मिनिटांत टाकीवर तळहाताएवढं टक्कल पडलं. लाल म्हणून नाही, लकाकी म्हणून नाही. पाटीवर खडू पुसल्यासारखं.

वरून आवाज आला, “जावईबापू, काय चाललंय?”

लेकीकडे आल्यापासून जावयाशी बोललेलं पहिलं वाक्य. तो दचकून उभा राहिला. “पॉलिश करतोय, आई.”

“पॉलिश करताय की साल काढताय?”

“जाळं घालवत होतो.”

“जाळं गेलं. कोळीपण गेला. आता गाडी जायच्या आत हात बाजूला घ्या!”

आणि बाई खाली उतरल्या. पदर खोचलेला, दोन्ही हातांत एकेक बादली. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. असा अंक रोज छापून येत नाही.

त्यांनी आधी गाडी सावलीत घ्यायला लावली. हात लावून इंजिन निवलंय का ते पाहिलं. नुसतं पाणी सोडून माती सैल केली. मग सुती मऊ फडकं साबणाच्या बादलीत, वरून खाली, सरळ रेषेत. दोन हात झाले की दुसऱ्या बादलीत खळबळून पिळून परत. “गोल गोल फिरवायला ही काय रडणाऱ्या पोराची पाठ आहे का?” चाकांचं फडकं वेगळं. साखळीला रॉकेल आणि जुना ब्रश, सगळ्यात शेवटी. जावई नळी धरून उभा. शेवटी बाईंनी दोन्ही बादल्या त्याच्यासमोर ठेवल्या. दुसरीच्या तळाशी चमचाभर वाळू बसली होती.

“बघा. ही वाळू तुम्ही दर रविवारी टाकीवर घासत होतात.”

तो बराच वेळ त्या वाळूकडे बघत राहिला. मग बाईंच्या तोंडाकडे. कारण बाई बोलत असताना त्याचा कान, जो आयुष्यभर दातांवरच बसवलेला, काहीतरी ऐकत होता. हळूच काहीतरी विचारता झाला. मला ऐकू आलं नाही. बाईंचं उत्तर मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

“मुळीच नाही! मोठ्या डॉक्टरांनी केलीय!” आणि फणकाऱ्याने वर गेल्या.

पुढच्या रविवारपासून मात्र भलतंच दृश्य. बाई फरशीवर लाकडी स्टूल टाकून गाडी धुतायत, आणि तोंडात दात नाहीत! गाल आत, ओठ दोरी ओढलेल्या पिशवीसारखे. एक शब्द नाही. बोट दाखवून खुणा. आणि जावई? तो मागच्या खोलीच्या खिडकीत, हातात सासूची कवळी. ती उजेडाकडे धरतो, फिरवतो, बाईंकडे बघतो, पुन्हा कवळीकडे. गाडी धुऊन पुसून झाली, की बाई खिडकीशी जाऊन हात पसरतात आणि तो त्यावर दात ठेवतो. हे एक रविवार नाही, ओळीने सात रविवार.

आता तुम्हीच सांगा, माणसाने काय समजायचं?

मी न्हाव्याला फक्त पाहिलं ते सांगितलं. अर्थ त्याने लावला. फार तर मी एक भुवई उडवली असेन, पण गालाला साबण असताना माणूस दुसरं करणार काय!

न्हाव्याचा भाऊ नेमका बाईंच्या मुलाच्या शहरात केस कापतो. पुढचं सांगायला नको. एका बुधवारी मुलाचा बहिणीला फोन आला, “मी रविवारी येतोय. कळवू नकोस कुणाला. मी ऐकलंय ते खरं निघालं, तर आईला उचलून घेऊन जाणार. तिचं एक ऐकणार नाही.” बहिणीने विचारलं, काय ऐकलंस? तो म्हणाला, “माझ्या तोंडून वदवू नकोस.”

आता ही गोष्ट माझ्यापर्यंत आली, ती त्याच बहिणीकडून. आणि खोटं कशाला बोलू, मला तो मजलाच दिसायला लागला. अकरावा मजला. दोरी नाही. आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसून ही आवई कोणाच्या भुवईतून निघाली होती, ते मला ठाऊक होतं.

रविवार उजाडला. त्या दिवशी आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांना फार तहान लागली होती. मी तीन वेळा पाणी घातलं. त्यातलं एक झाड पुढे कुजून मेलं.

बाई स्टुलावर बसून साखळी घासत होत्या. बोळकं मिटलेलं. जावई खिडकीत, दात हातात. मागचं फाटक धाडकन उघडलं आणि मुलगा आत आला. कडक इस्त्री, चकचकीत बूट.

“आई! ऊठ आधी तिथून!”

बाईंनी घाईघाईने हात वर केला, थांब म्हणून. त्याला वाटलं, मदतीला बोलावतेय. तो धावला आणि त्याचा उजवा पाय थेट स्वच्छ पाण्याच्या बादलीत.

बाईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते तोंडात दात असते तर छापता आलं नसतं.

“भाऊजी!” मुलगा बादलीत उभा राहूनच गरजला. “माझ्या आईचे दात कुठे आहेत?”

जावई बाहेर आला. कवळीचा हात पाठीमागे लपवलेला, चॉकलेट चोरल्यासारखा. “माझ्याकडे आहेत.”

“का?”

खरं कारण सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्याने तोंड उघडलंही. मग त्याने बाईंकडे पाहिलं. बाई मान खाली घालून साखळीकडे बघत होत्या, आणि त्यांच्या हातातला ब्रश थांबला होता. त्याने तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाला, “मीच काढून घेतले.”

“कशासाठी?”

बिचाऱ्याला खोटं बोलायची सवय नाही. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, समोर गाडी दिसली. “गाडी... गाडी नीट धुवावी म्हणून.”

गल्लीतल्या अफवेला इतकी शब्दशः पुष्टी मिळालेली मी उभ्या जन्मात पाहिली नाही. कुंडीतून पाणी वाहून माझ्या पायावर आलं, तरी मला पत्ता नाही.

“छोटे, आईची बॅग भर!” मुलगा ओरडला.

“दादा, अरे, ऐकून तरी घे...” बहीण दारातून म्हणाली.

“काय ऐकायचं राहिलंय? कबूल केलंय त्याने! आणि तू? तू रोज हे बघत होतीस?”

बाई उठल्या. हात फडक्याला पुसले. जावयासमोर जाऊन हात पसरला.

“आई, अजून कड राहिलीय,” तो पुटपुटला. “टोचेल.”

हात तसाच. त्याने दात ठेवले. बाईंनी ते नळाखाली धरले, तोंडात बसवले. त्याबरोबर त्यांचा डावा गाल टुणकन उडालेला मी वरून पाहिला. मोठ्या डॉक्टरांच्या त्या दातांनी बाईंनी त्या दिवशी जे पहिलं वाक्य उच्चारलं, ते त्या दातांच्याच विरुद्ध होतं.

“रुततायत मेले. पहिल्या दिवसापासून रुततायत.”

मुलगा बघतच राहिला. “काय?”

बाईंनी खालची कवळी काढली आणि त्याच्यापुढे धरली. नुसत्या वरच्या दातांनी जे शब्द आले ते असे : “घाल. घाल तुझ्या तोंडाथ. मग कळेल.”

“आई, काहीतरीच काय!”

“मग तुझ्या भाऊजींना विचार,” बहीण म्हणाली. आता तिलाही कंठ फुटला होता. “खालच्या डाव्या हिरडीला घट्टा पडलाय तिच्या. बिस्किट चहात बुडवून खाते आणि मला सांगते, मला तसंच आवडतं. शेवटी एका रात्री तिनेच कवळी यांच्या बाकावर आणून ठेवली; तेव्हापासून हे दर रविवारी केसाएवढं घासून देतात. एकदम घासलं तर ढिली पडेल म्हणून केसाएवढंच.”

“मग मला का नाही सांगितलंस?” मुलाने आईला विचारलं.

बाईंनी कवळी पुन्हा बसवली. “तू केलेस ना,” त्या म्हणाल्या.

मुलगा खाली बघायला लागला. खाली बादली होती.

“मग गाडी कशाला धुतेस तू?” त्याने अगदी लहान आवाजात विचारलं.

“दात येईस्तोवर काय करू? बोलता येत नाही. निदान हात तरी चालू देत. आणि याचं धुणं मला बघवत नाही.” मग बाईंचा आवाज हळूहळू इन्चार्जवर आला. “आणि तू काय उभा राहिलास? स्वच्छ बादलीत बूट घालून! एकतीस वर्षं धुलाईखान्यात काढलेल्या बाईचा मुलगा! काढ तो पाय, पाणी बदल, आणि ते फडकं घे. टाकी पुसायची राहिलीय. गोल नाही, सरळ!”

त्याने बूट काढले, इस्त्रीची विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि टाकी पुसली. वाईट पुसली. बाईंनी पुन्हा पुसून घेतली. मध्ये ते टक्कल आलं तेव्हा त्याने विचारलं, “हे काय झालंय?” जावई म्हणाला, “पॉलिश.” मग दोघंही हसले.

जेवायच्या आधी बाई मागच्या खोलीत गेल्या आणि बाकासमोरच्या खुर्चीत बसल्या. तिथे त्या यापूर्वी कधी बसल्या नव्हत्या.

“हं, दातांचे शिंपी,” त्या म्हणाल्या, “घ्या माप.” आणि त्यांनी तोंड उघडलं.

मुलगा संध्याकाळी एकटाच परत गेला. पंधरा दिवसांनी नवी कवळी आली. बाईंनी फरशीवर उभं राहून एक कच्चं सफरचंद असं खाल्लं, की मला गॅलरीत आवाज आला. जुनी कवळी त्यांनी टाकली नाही, कपाटात स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवलीय. मुलाचा फोन आला की त्या आधी नवे दात काढून ती घालतात, मगच बोलतात. मुलाला हे माहीत नाही. फोनवर दिसतं थोडंच!

गाडी अजूनही त्याच धुतात, दोन बादल्यांत, आता दात घालून. त्यामुळे रविवारची सकाळ पूर्वीसारखी शांत राहिलेली नाही. टाकीवरचं टक्कल आहे तसं आहे. नवा रंग द्यायचा म्हटलं, तर बाई म्हणाल्या, राहू दे, शिंप्याला डोळ्यासमोर असलेलं बरं.

मी मात्र माणुसकी म्हणून न्हाव्याच्या खुर्चीत बसलो आणि सगळी खरी हकिकत पहिल्यापासून सांगितली. त्याने वस्तरा थांबवून ऐकली. मग म्हणाला, “राहू द्या हो काका. आधीची चांगली होती.”

तर त्या अफवेत खरं होतं ते एवढं : बाईंची खालची कवळी डावीकडे रुतत होती. जावई दर रविवारी ती थोडी घासून देत होता. तेवढ्या वेळात बाई गाडी धूत होत्या.